मार्टेन आणि ओप्येन: रेम्ब्रांटची एक जोडी आणि दोन देशांची खरेदी

२०१६ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्स आणि फ्रान्स या दोन देशांनी मिळून सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याने काढलेली एका नवराबायकोची, मार्टेन आणि ओप्येन यांची, दोन चित्रं विकत घेतली. एकूण किंमत १६ कोटी युरो, प्रत्येकी निम्मी. एक चित्र डच राज्याच्या मालकीचं झालं, दुसरं फ्रेंच राज्याच्या, आणि दोन्ही चित्रं कायम एकत्रच टांगली जातील असं करारात लिहून घेतलं गेलं. दोन सरकारांनी एका नवराबायकोला वेगळं होऊ न देण्यासाठी करार करावा, असं कलेच्या व्यवहारात फार क्वचित घडतं.

या प्रकरणाकडे बहुतेकांनी किमतीच्या बाजूने पाहिलं. मला त्यातली निर्णयांची साखळी महत्त्वाची वाटते. २०१५ साली जी धावपळ झाली तिचं मूळ १८७७ मध्ये होतं, आणि १८७७ चं मूळ अ‍ॅमस्टरडॅमच्या एका व्यापारी घरातल्या वाटणीत. व्यवहारातले विक्रेते, मंत्री आणि संग्रहालयांचे संचालक यांचा उल्लेख इथे केवळ पदाने केला आहे. जुन्या काळातली माणसं मात्र नावानिशी येतात, कारण त्यांच्याशिवाय गोष्ट उभीच राहत नाही.

चित्रातली माणसं

मार्टेन सोलमान्सचे वडील यान हे मूळचे अँटवर्पचे. १५८५ मध्ये ते शहर स्पॅनिश फौजेच्या हाती पडल्यावर हजारो प्रॉटेस्टंट कुटुंबं उत्तरेकडे आली. त्या लोंढ्यातल्या अनेकांप्रमाणे यान यांनीही अ‍ॅमस्टरडॅममध्ये नव्याने बस्तान बसवलं आणि साखर शुद्ध करण्याचा कारखाना चालवला. मार्टेनचा जन्म १६१३ चा. कायदा शिकायला तो लायडनला गेला. ओप्येन कोप्पित त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या घराण्यातली. तिच्या घरचा पैसा धान्य आणि बंदुकीची दारू यांच्या व्यापारातला. १६३३ मध्ये त्यांचं लग्न झालं. सासरी नवी श्रीमंती, माहेरी जुना मान, असं हे लग्न होतं.

पुढच्याच वर्षी, १६३४ मध्ये, रेम्ब्रांटने दोघांची चित्रं काढली. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, लायडनहून अ‍ॅमस्टरडॅमला येऊन स्थिरावलेला आणि शहरातल्या पैसेवाल्यांचा आवडता चित्रकार झालेला. प्रत्येक चित्र दोन मीटरहून थोडं उंच, माणूस उभा, डोक्यापासून पायापर्यंत, खऱ्या मापाचा. असं चित्र त्या काळी राजेरजवाडे आणि सरदार काढून घेत. साखरेच्या कारखानदाराच्या एकवीस वर्षांच्या मुलाने ते काढून घेणं यात मोठी महत्त्वाकांक्षा होती. उभ्या, पूर्णाकृती, जीवनाएवढ्या नवराबायकोची जोडी रेम्ब्रांटने आयुष्यात एकदाच काढली, ती हीच.

जोडी हा शब्द इथे नेमका घ्यायला हवा. नवरा डावीकडे, बायको उजवीकडे. मार्टेनने हातमोजा धरलेला हात तिच्या दिशेने पुढे केला आहे. बुटांवर जाळीदार कापडाची मोठी फुलं, गळ्याशी पसरलेली लेस, अंगावर काळं रेशीम. ओप्येनच्या हातात काळ्या पिसांचा पंखा, गळ्यात मोती, आणि पाऊल उचलून ती त्याच्याकडे यायला निघाल्यासारखी. दोन्ही चौकटी शेजारी ठेवल्या की त्यांच्यामधली हवासुद्धा चित्राचा भाग होते. एकटा मार्टेन पाहिला तर त्याचा पुढे केलेला हात कुणासाठी आहे ते कळत नाही. २०१५ मधल्या सगळ्या वादात हा साधा मुद्दा निर्णायक ठरला, म्हणून तो इतका सविस्तर सांगितला.

मार्टेन १६४१ मध्येच वारला. ओप्येनने १६४७ मध्ये दुसरं लग्न केलं ते मार्टेन डाय या कॅप्टनशी. तो डच वेस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत ब्राझीलमध्ये राहून आला होता. चित्रं डाय घराण्यात राहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यांना त्या घराण्यातल्याच एका जोडप्याची चित्रं समजत आले. चित्रातली माणसं खरी कोण, हे १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या अभिलेखागारातल्या संशोधक इसाबेला व्हॅन एग्हेन यांनी कागदपत्रांवरून दाखवून दिलं. चित्र जपलं आणि नाव हरवलं, असं घराण्यांच्या संग्रहांत पुष्कळदा होतं.

एका घराच्या दोन वाटण्या

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जोडी पीटर व्हॅन विंटर यांच्याकडे आली. ते अ‍ॅमस्टरडॅमचे व्यापारी, कविता करणारे आणि उत्तम नजर असलेले संग्राहक. वडिलांचा धंदा रंगद्रव्यांचा, तोच त्यांनी पुढे नेला. कायझर्सग्राख्त या कालव्याकाठच्या त्यांच्या घरात मार्टेन आणि ओप्येन होते, आणि त्याच संग्रहात व्हर्मीर या दुसऱ्या नामवंत डच चित्रकाराचं ‘छोटी गल्ली’ हे चित्रही होतं. १८०७ मध्ये पीटर वारले आणि संग्रह पुढे मुलींकडे आला.

थोरली लुक्रेशिया स्वतः जाणकार होती. व्हर्मीरची ‘दूध ओतणारी बाई’ तिने १८१३ मध्ये स्वतः विकत घेतली. १८२२ मध्ये तिचं लग्न हेन्द्रिक सिक्सशी झालं. सिक्स म्हणजे रेम्ब्रांटचा स्नेही यान सिक्स याचं घराणं. धाकटी अ‍ॅनेविस व्हॅन लून घराण्यात पडली. त्या घराण्यातला एक पूर्वज १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी उभी करणाऱ्यांपैकी. (वेंगुर्ल्याला जिच्या वखारीचे अवशेष आजही उभे आहेत तीच ही कंपनी.) लुक्रेशियाबरोबर ‘छोटी गल्ली’ आणि ‘दूध ओतणारी बाई’ सिक्सांकडे गेली. अ‍ॅनेविसबरोबर मार्टेन आणि ओप्येन व्हॅन लूनांकडे.

अ‍ॅनेविस १८७७ मध्ये वारली आणि वारसांनी संग्रह पॅरिसच्या रॉथ्सचाइल्ड घराण्याला विकला. डच राज्याने तो घेतला नाही. त्या वेळी राष्ट्रीय संग्रह ट्रिप या शस्त्रव्यापारी बंधूंच्या जुन्या वाड्यात दाटीवाटीने मांडलेला होता. नव्या इमारतीचं काम नुकतंच सुरू झालं होतं, ती उघडली १८८५ मध्ये. जागा नाही, निधी नाही आणि खासगी घरातलं चित्र देशाबाहेर जाणं ही सरकारची काळजी आहे असा विचारही रुजलेला नाही. अशा स्थितीत निर्णय झालाच नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महागडा क्षण तोच आहे.

त्याचा परिणाम मात्र झाला. अशा विक्र्यांनी अस्वस्थ झालेल्या नागरिकांनी १८८३ मध्ये ‘रेम्ब्रांट संघ’ स्थापन केला. सभासदांच्या वर्गणीतून संग्रहालयांना खरेदीसाठी पैसा पुरवायचा, एवढंच त्याचं काम. १९०७ मध्ये सिक्स घराण्याने ३९ चित्रं विकायला काढली तेव्हा ‘दूध ओतणारी बाई’ अमेरिकेला जाईल अशी भीती होती. त्यावर संसदेत वाद झाला, संघाने हातभार लावला आणि १९०८ मध्ये ती सगळी चित्रं राइक्सम्युझियम या अ‍ॅमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आली. ‘छोटी गल्ली’ १९२१ मध्ये तेलसम्राट हेन्री डेटर्डिंग यांनी घेऊन संग्रहालयाला भेट दिली. पीटर व्हॅन विंटर यांच्या एका मुलीचा वाटा असा अ‍ॅमस्टरडॅममध्येच राहिला आणि दुसरीचा पॅरिसच्या शयनगृहांत आणि दिवाणखान्यांत गेला. दोन्ही घराणी तितकीच सधन, चित्रं तितकीच मोलाची. फरक पडला तो मधल्या तीस वर्षांत समाजाने केलेल्या तयारीने.

२०१५ ची अडचण

१९५६ मध्ये रेम्ब्रांटच्या ३५० व्या जन्मवर्षानिमित्त ही जोडी प्रदर्शनात आली होती. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं ती सर्वसामान्यांना पाहायला मिळाली नाही. २०१५ मध्ये मालक कुटुंबाने विकायचं ठरवलं आणि फ्रान्सकडे निर्यातीचं प्रमाणपत्र मागितलं.

फ्रेंच कायदा इथे समजून घ्यावा लागतो. एखादी कलाकृती ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरवून राज्य तिला प्रमाणपत्र नाकारू शकतं. नाकारलं की राज्याला तीस महिने मिळतात, आणि त्या काळात पैसा उभा करून रास्त भावाने देकार द्यायचा असतो. प्रमाणपत्र दिलं की हा मार्ग बंद होतो. १६ कोटी युरो लूव्र या पॅरिसच्या संग्रहालयाच्या आवाक्याबाहेर होते. शासनाने प्रमाणपत्र दिलं. पॅरिसमध्ये या निर्णयावर टीका झाली आणि ती मला योग्य वाटते. पैसा नाही हे कारण खरं असेल, पण तीस महिन्यांची मुदत कायद्याने याचसाठी ठेवलेली आहे.

आता वाट मोकळी होती. सप्टेंबरमध्ये डच बाजूने योजना जाहीर झाली. दोन्ही चित्रं अ‍ॅमस्टरडॅमला आणायची, निम्मी रक्कम सरकार देईल, निम्मी राइक्सम्युझियम निधी आणि देणगीदारांकडून जमवेल. संसदेत पाठिंबा होता. १८७७ ची चूक दुरुस्त होते आहे, असाच सूर तिकडे होता. तेवढ्यात फ्रेंच सरकारने पुढे येऊन सांगितलं की एका चित्रासाठी ८ कोटी युरो आम्ही देतो. हा पैसा फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेकडून लूव्रसाठी देणगीरूपाने येणार होता.

समोरचे पर्याय

डचांनी दोन्ही चित्रं घेण्याचा हट्ट धरणं हा पहिला पर्याय. प्रमाणपत्र हातात असल्याने कायद्याची बाजू भक्कम होती, भावना तर होतीच. पण शेजारी मित्रदेशाने उघडपणे मागणी केल्यावर ती धुडकावणं म्हणजे दोन संग्रहालयांमधली देवघेव, कर्जाऊ चित्रं, पुढची प्रदर्शनं या सगळ्याला बाधा. शिवाय देणगीदारांकडून गोळा करायची रक्कम अजून सगळी हातात नव्हती. विक्रेत्यासमोर दोन सरकारं एकमेकांविरुद्ध उभी राहिली असती तर किंमत कुठवर गेली असती, हा विचारही करायला हवा होता.

प्रत्येकाने एकेक चित्र घेऊन आपापल्या भिंतीवर लावणं, हा दुसरा. हिशोबाला सगळ्यात सोपा आणि चित्रांना सगळ्यात घातक. मार्टेनचा हात वर सांगितला तो याचसाठी. १६३४ पासून मालक बदलले, देश बदलला, नावं विसरली गेली, पण ही दोन चित्रं वेगळी झाली नव्हती. वारसांनी पावणेचारशे वर्षं सांभाळलेली गोष्ट दोन सरकारी संग्रहालयांनी मोडली असती.

काहीच न करता खासगी ग्राहकाची वाट मोकळी ठेवणं हा तिसरा. त्याची चर्चा लांबवण्याची गरज नाही. आणखी साठ वर्षं बंद दाराआड, एवढाच त्याचा अर्थ.

उरला संयुक्त खरेदीचा पर्याय. त्यात मालकी, विमा, प्रवास, दुरुस्ती, कोण कधी दाखवणार, सगळंच नव्याने ठरवावं लागणार होतं. तरीही तो एकच पर्याय असा होता की ज्यात चित्रांची गरज आधी धरली आणि देशांची सोय नंतर.

काय केलं

सप्टेंबरच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी दोन्ही देशांचे नेते न्यूयॉर्कमध्ये होते. तिथे बोलणं झालं आणि संयुक्त खरेदी नक्की झाली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी दोन्ही देशांच्या संस्कृतिमंत्र्यांनी पॅरिसमध्ये करारावर सह्या केल्या. डच राज्याने ८ कोटी देऊन मार्टेन घेतला, फ्रान्सने ८ कोटी देऊन ओप्येन. कराराचा कणा दोन अटींमध्ये आहे. चित्रं नेहमी एकत्र दाखवायची, आणि ती राइक्सम्युझियम आणि लूव्र यांच्यात आळीपाळीने फिरतील, तिसऱ्या कुणाला उसनी जाणार नाहीत.

या अटी मला मालकीच्या वाटणीपेक्षा मोलाच्या वाटतात. मालकी कागदावर दुभंगली, पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने जोडी अखंड राहिली. मागणी वाढली की मोठी चित्रं जगभर प्रदर्शनांना फिरवली जातात आणि दर फेरीत कापड, रंगाचा थर, चौकट यांना थोडाथोडा ताण बसतो. तिसऱ्याला न देण्याची अट घालून तो धोका निदान दोन शहरांपुरता मर्यादित केला गेला.

१० मार्च २०१६ रोजी चित्रं आधी लूव्रमध्ये लोकांसाठी खुली झाली, उन्हाळ्यात अ‍ॅमस्टरडॅमला आली. त्यानंतर ती राइक्सम्युझियमच्या कार्यशाळेत गेली. जुन्या पिवळसर वार्निशचं काय करायचं, यावर संग्रहालयांच्या परंपरा सारख्या नसतात. फ्रेंच पद्धत वार्निश पातळ करून थोडं ठेवण्याकडे झुकते, उत्तरेकडचे संधारक, म्हणजे चित्रांची निगा आणि दुरुस्ती करणारे तज्ज्ञ, अधिक मोकळेपणाने साफ करतात. दोन मालक असताना प्रत्येक पायरीवर दोघांच्या तज्ज्ञांची संमती लागते. कामाला वेळ लागला, पण असा वेळ चित्राच्या भल्याचाच. झाकोळलेल्या काळ्या रेशमातल्या छटा आणि लेसचे बारकावे पुन्हा दिसू लागले. मार्च २०१८ मध्ये राइक्सम्युझियमने ‘उच्चभ्रू’ पूर्णाकृती चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. युरोपभरच्या राजेसरदारांच्या रांगेत हे साखरवाल्याचं जोडपं मध्यभागी उभं राहिलं.

निष्पत्ती

जोडी टिकली आणि लोकांसमोर आली. हे यश मोठं आहे आणि ते तसंच सांगायला हवं. नेदरलँड्समध्ये काहींना अर्धाच घास मिळाल्यासारखं वाटलं, विशेषतः ज्यांनी दोन्ही चित्रं आणण्यासाठी पडद्याआड महिनोन्‌महिने खटपट केली होती त्यांना. त्यांचं वाईट वाटणं समजण्यासारखं आहे. पण १८७७ मध्ये सोडून दिलेल्या गोष्टीवर २०१५ मध्ये संपूर्ण हक्क सांगणं कठीणच होतं. १३८ वर्षं ही चित्रं पॅरिसच्या इतिहासाचाही भाग झाली होती.

दुसरी निष्पत्ती अनपेक्षित आणि माझ्या मते जास्त खोल. चित्रं सार्वजनिक मालकीची झाल्यावर त्यांच्यामागच्या पैशाबद्दल उघड बोलणं शक्य झालं. २०२१ मध्ये राइक्सम्युझियमने गुलामगिरीवर जे प्रदर्शन भरवलं, ते दहा माणसांच्या आयुष्यांभोवती बांधलं होतं, आणि त्या दहांत ओप्येन होती. सोलमान्स कारखान्यात येणारी कच्ची साखर ब्राझीलच्या मळ्यांतली, गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांच्या कष्टांची. तिचा दुसरा नवरा तर त्या वसाहतीत स्वतः राहिलेला. ब्राझीलमधल्या त्याच्या वास्तव्यात फ्रान्सिस्का या आफ्रिकी स्त्रीवर त्याने केलेला अत्याचारही त्या प्रदर्शनात सांगितला गेला. चित्र रॉथ्सचाइल्डांच्या घरात असतं तर त्याच्याशेजारी हा मजकूर कोण लावणार होतं?

वेगळं काय करता आलं असतं

प्रमाणपत्राच्या टप्प्यावरच फ्रान्सने थांबायला हवं होतं. याची तुलना करायला एक उदाहरण हाताशी आहे. त्याच घराण्याकडे असलेलं रेम्ब्रांटचं १६३६ चं ‘निशाणधारी’ २०१९ मध्ये फ्रान्सने राष्ट्रीय ठेवा ठरवलं. लूव्रला मुदतीत पैसा उभा करता आला नाही, मग डचांनी ते १७.५ कोटी युरोंना घेतलं. १५ कोटी सरकारचे, दीड कोटी रेम्ब्रांट संघाचे, एक कोटी राइक्सम्युझियमच्या निधीचे. या वेळी दोन सरकारांत रस्सीखेच झाली नाही, कारण आधीच्या पायऱ्या क्रमाने पार पडल्या होत्या. कायदा तोच होता. २०१५ मध्ये त्यातली मधली पायरी गाळली गेली आणि तिची भरपाई न्यूयॉर्कमध्ये देशाच्या नेत्यांना करावी लागली.

संयुक्त खरेदीची कल्पना लोकांसमोर आली ती शेवटी. दोन्हीकडे ‘आपलं चित्र’ अशी भावना पेटल्यावर. दोन संग्रहालयांनी तीच योजना आधी एकत्र मांडली असती तर डच जनतेला ती माघार वाटली नसती आणि किमतीबद्दल विक्रेत्याशी एकमुखाने बोलता आलं असतं. आकडा १६ कोटींवरच राहिला. एवढ्या रकमेत १९०८ सारखा एखाद्या घराण्याचा अख्खा संग्रह आज येणार नाही हे खरं, पण घासाघीस करायला दोन राज्यं एका बाजूला असणं ही ताकद होती आणि ती वापरली गेली नाही.

करारातल्या फेऱ्यांबद्दल मला अजूनही काळजी वाटते. दोन मीटर उंचीची, जवळजवळ चारशे वर्षांची दोन कॅनव्हास चित्रं दोन राजधान्यांमध्ये ठरावीक काळाने ये-जा करणार. मुक्काम जितका लांब तितकं बरं. प्रत्येक हलवाहलवीआधी दोन्हीकडच्या संधारकांनी चित्रांची प्रकृती तपासून, गरज वाटली तर प्रवास पुढे ढकलण्याचा अधिकार त्यांना असावा, आणि हा अधिकार मंत्र्यांच्या वेळापत्रकाच्या वर असावा. एका बाजूची पाळी त्यामुळे वर्षभर उशिरा आली तर त्या संग्रहालयाने ते खुशाल सोसावं.